पदपथावरचे तारुण्य : एक हरवलेली नोंद

मुंबईतील बेघर तरुणांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती साधनांची. ज्याला पत्ता नाही, त्याची स्वतःची कागदपत्रे नसतात. उरतात ती त्याला पकडणाऱ्यांची. म्हणून हा इतिहास आधी कायद्याच्या भाषेत वाचावा लागतो.

१९२४च्या मुंबई बालक अधिनियमाने निराधार मुलांचा स्वतंत्र विचार केला. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमाची व्याख्या मात्र हात पसरणाऱ्यापाशी थांबली नाही. उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसलेला, भिक्षेवरच जगत असावा असे वाटण्याजोग्या स्थितीत सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही तिने भिकारी ठरवला. १९८६च्या बाल न्याय अधिनियमाचे संरक्षण मुलाला सोळा वर्षे पूर्ण होईपर्यंतच होते. २०००च्या कायद्याने ही मर्यादा अठरावर नेली. हे कायदे शेजारी ठेवून वाचले की ध्यानात येते, की या दोहोंमध्ये 'तरुण' कोठेच नाही. काल ज्याचा सांभाळ हे राज्याचे कर्तव्य होते, तोच एका वाढदिवसानंतर संशयित ठरू शकतो. आणि तो वाढदिवसही अनेकदा वैद्यकीय अंदाजाने ठरवलेला असतो. २०१५च्या कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत मदतीची तरतूद आली, पण ती बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी. जो बालगृहात कधी गेलाच नाही, तो तिच्याही बाहेर राहिला.

वस्तुतः पदपथावरचा माणूस रिकामा नसतो. ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केले, की ही माणसे कामाच्या जवळ राहता यावे म्हणून तेथे राहतात. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र नाकारला गेला.

या कागदांना छेद देणारी साक्ष मराठीत आहे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावर सापडलेले एक मूल वाढवले. निवृत्तीनंतर ते गावी परतले आणि पोरवयातला नारायण शहरात एकटा उरला. पदपथाचा आसरा घेत, पडेल ते काम करत जगला. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आला, भिक्षा प्रतिबंधक कायद्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. आपली समीक्षा सुर्व्यांना 'कामगार कवी' म्हणून वाचते. ते योग्यच आहे. पण त्या ओळखीआधीची बेघर वर्षे त्यात झाकली जातात.

अर्थात, सुर्व्यांना नाव मिळाले ते कोणीतरी उचलून घरी नेले म्हणून. ज्यांना कोणी उचलले नाही, त्यांची साक्ष एका कवीच्या यशाने भरून निघत नाही. वर्गात सुर्वे शिकवताना ही रिकामी जागाही विद्यार्थ्यांना दाखवायला हवी.