पेज, अ‍ॅलन सेड्रिक

(७ ऑगस्ट १९४५– ). अमेरिकन फुटबॉलमधील नामांकित बचावपटू आणि मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. जन्म ओहायो राज्यातील कँटन येथे. व्यावसायिक फुटबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’ याच गावात आहे. ती इमारत उभी राहत असताना शाळकरी पेज तिथे बांधकामावर कामाला होते. १९८८ मध्ये तिथल्या मानकऱ्यांत त्यांचाही समावेश झाला.

नोत्रदाम विद्यापीठाच्या १९६६ च्या राष्ट्रीय विजेत्या संघातून खेळल्यावर पुढच्याच वर्षी मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाने त्यांना पहिल्या फेरीत निवडले. त्यांची जागा डिफेन्सिव्ह टॅकलची, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी. इथला गडी हात जमिनीला टेकवून, ओणवा होऊन तयारीत असतो. चेंडू हलला की समोरच्या, बहुधा आपल्याहून जड खेळाडूला हटवायचे आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, म्हणजे क्वार्टरबॅकला गाठायचे. प्रेक्षकांचे डोळे चेंडूवर खिळलेले, त्यामुळे ही झोंबाझोंबी सहसा कुणाच्या खिजगणतीत नसते. पेज यांनी ती पाहायला लावली. त्यांची भिस्त वजनापेक्षा पहिल्या पावलाच्या चपळाईवर होती. समोरचा सावरण्याआधीच ते त्याच्या बगलेतून निघून गेलेले असत. १९७१ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यांना नॅशनल फुटबॉल लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरवले. तोवर एकाही बचावपटूला हा मान मिळाला नव्हता, आणि पुढेही तो १९८६ मध्ये लॉरेन्स टेलर या एकाच बचावपटूच्या वाट्याला आला.

कार्ल एलर, जिम मार्शल आणि पेज यांच्या या फळीला ‘पर्पल पीपल ईटर्स’ असे टोपणनाव पडले होते. व्हायकिंग्ज चार वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि चारही वेळा हरले.

पत्नी डायान यांच्यामुळे पेज धावू लागले, आणि इथूनच संघाशी बिनसले. वजन सुमारे २२५ पौंडांवर (१०२ किलो) आले. टॅकलला एवढे हलके असून चालत नाही, असे प्रशिक्षक बड ग्रँट यांचे मत. १९७८ च्या ऐन हंगामात व्हायकिंग्जनी त्यांना मोकळे केले. शिकागो बेअर्स संघाने अवघ्या १०० डॉलरच्या शुल्कात त्यांना घेतले. हा सौदा स्वस्तातला ठरला, कारण पेज तिथे १९८१ पर्यंत एकही सामना न चुकवता खेळले. मधल्या काळात, १९७९ मध्ये, त्यांनी मॅरेथॉनही पुरी केली. लीगमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिलेच खेळाडू.

ज्या वर्षी संघाने त्यांना काढले, त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांच्या हाती पडली. हंगाम सांभाळून ते वर्गात बसत. पुढे काही वर्षे वकिली आणि राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयातील नोकरी करून १९९२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीला उभे राहायला निघाले. (मिनेसोटात न्यायमूर्ती मतदार निवडतात.) पण राज्यपाल आर्नी कार्लसन यांनी त्या जागेवर असलेल्या न्यायमूर्तींची मुदत वाढवली, त्यामुळे निवडणूकच टळत होती. पेज थेट कोर्टात गेले, खटला जिंकले, मग निवडणूकही जिंकले. त्यानंतर तीनदा फेरनिवड झाली. २००९ मध्ये अल फ्रँकन आणि नॉर्म कोलमन यांच्या सिनेट निवडणुकीचा, जेमतेम ३१२ मतांच्या फरकाचा वाद या न्यायालयासमोर आला. सरन्यायाधीश सुनावणीपासून दूर राहिल्याने पेज यांनी कामकाज चालवले. निकाल एकमताने फ्रँकन यांच्या बाजूने लागला. वयाची सत्तरी गाठल्यावर, नियमाप्रमाणे, २०१५ मध्ये ते निवृत्त झाले.

खेळात निखळलेली त्यांची करंगळी जवळजवळ काटकोनात वळलेली आहे. मुले तिच्याकडे टक लावून पाहत, म्हणून कन्या कॅमी हिच्यासोबत त्यांनी त्या करंगळीवरच बालपुस्तक लिहिले (२०१३). १९८८ मध्ये पती-पत्नींनी स्थापन केलेल्या पेज एज्युकेशन फाउंडेशनची शिष्यवृत्ती मात्र फुकट मिळत नाही: ती घेणाऱ्या विद्यार्थ्याने लहान मुलांना अभ्यासात मदत करायची असते. २०१८ मध्ये त्यांना ‘प्रेसिडेंशियल मेडल ऑफ फ्रीडम’ प्रदान करण्यात आले. दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा मुलांचा घटनात्मक हक्क ठरावा, यासाठी मिनेसोटाच्या घटनेत दुरुस्ती सुचवणाऱ्या मोहिमेचे २०२० पासून ते एक प्रवर्तक आहेत.