पहिली स्पोर्ट्स बाईक घेताय? स्पेक शीटबाहेरचे आकडे आधी बघा

नवीन फोन घेताना आपण रॅम, प्रोसेसर, मेगापिक्सेल यांची तुलना करतो, दहा व्हिडिओ बघतो आणि मग ऑर्डर देतो. आयुष्यातली पहिली कोरी स्पोर्ट्स बाईक घेताना मी अगदी हेच केलं. सीसी, पॉवर, टॉप स्पीड अशा रकान्यांची एक्सेल शीट तयार ठेवली होती. पण शोरूमच्या फेऱ्या सुरू झाल्यावर कळलं, की ज्या आकड्यांवर माझे पैसे आणि माझे हातपाय अवलंबून होते, त्यातला एकही त्या शीटमध्ये नव्हता. तुमच्या शीटमध्ये ते असावेत, म्हणून हा लेख.

सीसी सारखी, गाडी वेगळी

माझ्या यादीत दोन गाड्या होत्या: यामाहा आर१५ व्ही४ आणि सुझुकी जिक्सर एसएफ. दोन्ही १५५ सीसी. पण आर१५ ची पॉवर १८.४ पीएस आणि जिक्सर एसएफची १३.६ पीएस. हा फरक कुठून आला? आर१५ ला लिक्विड कूलिंग आणि चार व्हॉल्व्ह आहेत, जिक्सरला एअर कूलिंग आणि दोन व्हॉल्व्ह. शिवाय आर१५ मध्ये व्हीव्हीए नावाची यंत्रणा आहे. साधारण ७,४०० आरपीएमला ती इनटेक व्हॉल्व्हसाठी दुसरा कॅम वापरायला लागते, त्यामुळे वरच्या आरपीएमला इंजिनला जास्त हवा मिळते.

मग आर१५ च भारी का? थांबा. टॉर्क बघा. आर१५: १४.२ एनएम, ७,५०० आरपीएमला. जिक्सर एसएफ: १३.८ एनएम, ६,००० आरपीएमला. म्हणजे सिग्नलवरून निघताना आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रांगताना जिक्सर मागे पडत नाही. आर१५ ची खरी मजा इंजिन वर फिरवल्यावरच येते. मेगापिक्सेल जास्त म्हणून फोटो चांगला येतोच असं नाही, तसंच हे आहे. तुम्ही रोज कोणत्या आरपीएमला गाडी चालवणार, हा प्रश्न आधी विचारा.

बसून बघा, पण नुसतं बसू नका

स्पोर्ट्स बाईकचं हँडल खाली असतं आणि फूटरेस्ट मागे. त्यामुळे शरीर पुढे झुकतं आणि भार मनगटांवर येतो. पाच मिनिटांच्या टेस्ट राईडमध्ये हे मस्त वाटतं. मी मुद्दाम अर्धा तास मागून घेतला आणि गर्दीच्या रस्त्याला गेलो. विसाव्या मिनिटाला मनगटं बोलायला लागली. उपाय असा, की गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची आणि पाठ-पोटाच्या जोरावर शरीर सावरायचं, हातांवर रेलायचं नाही.

सीटची उंचीही बघा: आर१५ ची ८१५ मिलिमीटर, जिक्सर एसएफची ७९५. माझी उंची साडेपाच फूट. आर१५ वर माझ्या टाचा टेकत नाहीत, चवडे टेकतात. ते चालतं, पण चढावर, खड्ड्यात आणि मागे कोणी बसल्यावर चालतं का, हे घेण्याआधी बघायला हवं.

ऑन-रोड किमतीचा हिशोब

शोरूमला लेखी कोटेशन मागा आणि प्रत्येक ओळ वाचा.

एक्स-शोरूम किंमत: यात जीएसटी असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागतो. म्हणून जुन्या व्हिडिओतल्या किमती विसरा.

रोड टॅक्स: महाराष्ट्रात १५५ सीसीच्या पेट्रोल बाईकला ११ टक्के. गाडी १,७०,००० ची धरली, तर १८,७०० रुपये.

विमा: सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२ च्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीला त्याचे ३,८५१ रुपये आणि १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, वर कर. म्हणजे वरचे ५ सीसी साडेतीन हजारांना पडले! थर्ड पार्टी विमा समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो. तुमची गाडी पडली, चोरीला गेली, तर 'ओन डॅमेज' कव्हर लागतं. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, ऑनलाईन दर काढून तुलना करा.

हँडलिंग चार्जेस, ॲक्सेसरीज: हे सरकारी शुल्क नाही. 'ही ओळ काढा' म्हणायला लाजू नका. आणि हेल्मेट? दुचाकी विकताना आयएसआय मार्कचं हेल्मेट द्यावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ मध्येच आहे.

११ टक्के म्हणजे नक्की किती?

इथे मी जवळजवळ फसलो होतो. एका ठिकाणी कर्जवाल्याने सांगितलं, "सर, दीड लाख, तीन वर्षं, फक्त ११ टक्के. हप्ता ५,५४२." मी पेन हातात घेतलं होतं. सहज म्हणून फोनवरच्या ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये तेच आकडे टाकले, तर हप्ता आला ४,९११.

फरक एका शब्दाचा होता: फ्लॅट. फ्लॅट दरात तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज तिन्ही वर्षं पूर्ण दीड लाखावर लागतं, म्हणजे ४९,५०० रुपये. रिड्युसिंग दरात व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर लागतं, ते होतं साधारण २६,८००. सुमारे २२,७०० रुपयांचा फरक! तो 'फक्त ११ टक्के' दर खरं तर साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपासचा होता. माझ्या दोन महिन्यांच्या पगारातून जमवलेले पैसे एका सहीत गेले असते. म्हणून दर विचारू नका, 'एकूण किती रुपये फेडायचे' ते विचारा. मी बाहेर पडलो आणि रिड्युसिंग दराचं कर्ज घेऊनच आर१५ बुक केली.

डिलिव्हरीच्या दिवशी

पेढे आणि हार थोडे थांबू द्या. आधी हे तपासा:

- फ्रेमवरचा १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर इनव्हॉइस आणि विम्यावरच्या नंबरशी जुळतो का
- फॉर्म २१ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष काय आहे
- पासिंग होऊन नंबर प्लेट लागली आहे का
- तुमच्या लायसन्सवर गिअरच्या मोटारसायकलची नोंद आहे का

पहिले हजार किलोमीटर

गाडी घरी आणताना रिमझिम पाऊस होता. सोसायटीच्या अलीकडच्या वळणावर मागचा टायर सर्रकन सरकला. पाय टेकला म्हणून वाचलो. चूक माझीच होती. कोऱ्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर तो घासला गेल्यावरच पूर्ण पकड येते. 'एबीएस आहे ना!' असं मला वाटत होतं. पण एबीएस चाकाच्या वेगाचा सेन्सर वाचून ब्रेक लावताना चाक लॉक होऊ देत नाही, इतकंच. तिरक्या गाडीखाली नसलेली पकड ते आणू शकत नाही.

इंजिनचंही तसंच. पिस्टन रिंग आणि सिलिंडर एकमेकांत नीट बसायला वेळ लागतो. तोवर मॅन्युअलमधल्या आरपीएमच्या मर्यादा पाळा, एकाच वेगात तासन्‌तास पळवू नका आणि पहिली सर्व्हिस चुकवू नका.

त्या दिवशी दारात आई ओवाळायला उभी होती. टायर सरकल्याचं मी तिला सांगितलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी जाऊन रायडिंग जॅकेट आणि ग्लव्हज घेतले. कोटेशनमध्ये ही ओळ नसते. तुमच्या बजेटमध्ये मात्र ती पहिल्या दिवसापासून असू द्या.