रिकामी आगबोट आणि भरलेला घाट

पुण्याकडे जाणाऱ्या आगगाडीनें कर्जत सोडलें कीं लवकरच, पळसदरीपाशीं, रुळांची वाट दुभंगते. थोरली वाट बोरघाट चढूं लागते, आणि एक धाकटा एकेरी फांटा पायथ्यापायथ्यानें खोपोलीपर्यंत जाऊन डोंगराच्या भिंतीपाशीं एकाएकीं संपतो. हा अर्धवट वाटणारा रस्ता घातला कोणीं, आणि कशासाठीं, असा प्रश्न चौकस प्रवाशास पडल्यावांचून राहत नाहीं. १८५६ च्या मे महिन्याच्या १२ तारखेपासून पुढें जवळजवळ सात वर्षें मुंबईची आगगाडी येथेंच थांबत असे, हें त्याचें उत्तर होय. त्या काळीं खालापूर तालुक्यांतलें हें खेडें एका अर्थीं बंदरच होतें. बंदरावर उतरावें तसें लोक येथें उतरत, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी ठरवीत, आणि ज्यांच्या कनवटीस तेवढे पैसे नसत ते पायींच घाट चढत. १८५८ च्या जूनमध्यें खंडाळ्याहून पुण्यास दुसरी गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा रुळांवांचून राहिला.

तो घाट फोडण्याचें काम चालूं होतें, त्याच वर्षांत विलायतेंत थेम्स नदीच्या कांठीं एक आगबोट बांधली जात होती. पूर्वेकडील देश आणि विलायत यांमधील अंतर तोडावें हा हेतु दोन्ही कामांच्या मुळाशीं होता. दोहोंवर पैसा पाण्यासारखा ओतला गेला, आणि दोहोंनीं आपल्या कर्त्यांचे बळी घेतले. परंतु आगबोटीस उतारू मिळाले नाहींत, आणि घाटास ते कधीं कमी पडले नाहींत. असें कां झालें, हें पाहण्यासाठीं आणखी थोडें मागें जावें लागतें.

१८३० सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम हे होते. त्या वर्षीं त्यांच्या अमलांत दोन गोष्टी घडल्या. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील नवरोजी जमशेटजी यांनीं बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ नांवाची ४११ टनांची आगबोट २० मार्च रोजीं सुवेझकडे निघाली. आणि नोव्हेंबरांत खोपोलीहून खंडाळ्यास जाणारा चाकांच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. आगबोटीची गोष्ट मोठी गमतीची आहे. तिच्या कोठारांत साडेपांच दिवसांचा कोळसा मावावयाचा, आणि एडनला पोहोंचावयास लागले अकरा दिवस. तेव्हां जेथें जेथें जागा दिसली तेथें तेथें कोळसा भरला गेला. उतारूंच्या खोल्याही त्यांतून सुटल्या नाहींत. सगळ्या बोटींत उतारू म्हणून कायतो एक कर्नल होता. २२ एप्रिलला ती सुवेझला लागली, पण वाटेंतले कित्येक दिवस बंदरोबंदरीं कोळसा भरण्यांतच गेले.

घाटाच्या रस्त्याची गोष्ट अगदींच वेगळी. माल्कम साहेबांनीं रस्ता नीट केला, परंतु वाट कांहीं त्यांनीं निर्माण केली नाहीं. ती दोन हजार वर्षें वाहत होती. घाटमाथ्यावरील कार्ल्याच्या लेण्यांतील लेख वाचावेत. सोपारा, वैजयंती अशा दूरदूरच्या गांवच्या लोकांनीं तेथें दानें दिलेलीं आहेत, आणि त्या दात्यांत यवनही आहेत. पुढें कोंकणचें मीठ वर आणि देशावरचें धान्य खालीं अशी बैलांच्या तांड्यांची ये-जा पिढ्यान्‌पिढ्या चालली. नाना फडणविसांनीं खोपोलीस महादेवाचें देऊळ आणि प्रशस्त तलाव बांधला, तो पाण्यावांचून कासावीस होणाऱ्या वाटसरूंची दाटी डोळ्यांनीं पाहूनच बांधला असला पाहिजे. मुंबईचा माणूस पनवेलपर्यंत मचव्यानें येई, भरतीची वाट पाही, आणि मग चौक, खालापूर, खोपोली करीत घाटाच्या पायथ्याशीं लागे. रस्ता होण्यापूर्वींच त्याचे प्रवासी तयार होते.

आगबोटींचा कोळसा मात्र उतारूंची जागा खातच राहिला. ह्या कोड्यावर इसांबार्ड ब्रूनेल ह्या इंग्रज इंजिनियरानें उत्तर काढलें, तें शाळकरी मुलासही समजण्यासारखें आहे. एका चौकोनी पेटीच्या सर्व बाजू दुप्पट केल्या, तर तींत माल आठपट मावतो; परंतु पाण्याला अडणारें तिचें तोंड चौपटच होतें. तेव्हां जहाज जितकें मोठें, तितका त्याला मालाच्या मानानें कोळसा थोडा. पुरेसें मोठें जहाज बांधलें, तर तें केप ऑफ गुड होपला वळसा घालून, वाटेंत कोठेंही कोळसा न घेतां, पूर्वेकडे जाऊं शकेल. हिशेब बिनचूक होता. त्या हिशेबानें जी आगबोट झाली, तिचें नांव ‘ग्रेट ईस्टर्न’. लांबी ६९२ फूट, सहा डोलकाठ्या, पांच धुरांडीं. बाजूंना चाकें आणि मागें पंखा, अशीं दोन्ही साधनें. आणि जागा चार हजार उतारूंची, पलटणी नेल्यास दहा हजार शिपायांची. तिच्या लांबीचें दुसरें जहाज पुढें चाळीस वर्षें जगांत झालें नाहीं.

परंतु जें जहाज समुद्र जिंकावयास निघालें होतें, तें प्रथम जमिनीवरून हालेना. १८५७ च्या नोव्हेंबरांत तें पाण्यांत लोटण्याचा पहिला प्रयत्न झाला, आणि प्रत्यक्ष तरंगलें तें १८५८ च्या जानेवारीच्या शेवटच्या दिवशीं. दैवाचा खेळ असा, कीं १८५७ च्या बंडासाठीं हिंदुस्थानांत पलटणी धाडण्याची घाई इंग्लंडास सुटली होती, नेमकी तेव्हां दहा हजार शिपाई मावणारी ही बोट नदीकांठच्या चिखलांत रुतून बसली होती. पुढें चांचणीच्या सफरींत वाफेचा स्फोट होऊन कांहीं कामकरी प्राणास मुकले. ब्रूनेलला तत्पूर्वींच बोटीवर पक्षाघाताचा झटका आला होता. १५ सप्टेंबर १८५९ रोजीं तो वारला. त्यानंतर महिन्याच्या आंत त्याचा मित्र रॉबर्ट स्टीफन्सनही गेला. हा स्टीफन्सन आपल्या जी. आय. पी. रेल्वेचा सल्लागार इंजिनियर होता, आणि बोरघाटाचा मार्ग आंखणारा जेम्स बर्कले हा त्याच्याच हाताखालीं शिकलेला.

आतां १८६० च्या जून महिन्यांत ही आगबोट आणि बोरघाट एकमेकांशेजारीं ठेवून पाहूं. १७ तारखेस ‘ग्रेट ईस्टर्न’ साउदॅम्प्टनहून निघाली. पूर्वेकडे नव्हे, तिकडची टपाल नेण्याचें कंत्राट दुसऱ्या कंपनीस मिळालें होतें, आणि मालकांची थैली रिती झाली होती. म्हणून जिच्या नांवांतच पूर्व दिशा आहे, ती बोट पश्चिमेस न्यूयॉर्ककडे चालली. पैसे भरून बसलेले उतारू होते पस्तीस. खलाशी व नोकर मिळून ४१८. म्हणजे एकेका उतारूमागें बारा बारा माणसें राबणार! चार हजार पानांची पंगत मांडावी आणि पस्तीस पाहुणे जेवावयास यावेत, तसा हा प्रकार. अकरा दिवस ते पस्तीस जण आरसे आणि सोनेरी नक्षी यांनीं सजविलेल्या दालनांतून हिंडले. अमेरिकेंत पोहोंचल्यावर बोट पाहावयास लोकांची झुंबड उडाली, तेव्हां मालकांनीं दोन दिवसांची मौजेची सफर काढली. ह्या वेळीं सुमारें दोन हजार माणसें चढलीं, परंतु निजावयास बिछाने आणि खावयास अन्न पुरेसें नव्हतें. ही बोट एक तर रिकामी जाई, नाहीं तर भरली म्हणजे तिची फजिती होई.

त्याच महिन्यांत बोरघाटांत काय चाललें होतें? पहिल्या कंत्राटदारानें काम सोडून दिलें होतें. त्याच्या कारकीर्दींत, १८५९ च्या जानेवारींत, मजुरी थकल्यामुळें कामकऱ्यांनीं दंगा केला होता, आणि सरकारास चौकशी करावी लागली होती. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची विधवा ॲलिस हिनें कंत्राट सोडलें नाहीं. ॲडॅमसन आणि क्लाउझर ह्या दोन इंजिनियरांच्या हातीं काम देऊन तिनें तें चालू ठेवलें. पटकीची सांथ माणसें नेत होती. तरीही १८६१ च्या जानेवारींत ह्या घाटांत ४२,००० माणसें कामावर होतीं, आणि त्यांत बायकाही होत्या. सुमारें पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे, आठ मोठे पूल, आणि सदतीस फुटांस एक फूट असा उभा उतार. कड्यावर पाय ठेवावयास जागा नसे तेथें माणसें दोरांनीं लोंबकळून पहारीनें भोंक पाडीत. बर्कले आणि ट्रेडवेलबाई यांचीं नांवें कागदोपत्रीं राहिलीं. बेचाळीस हजारांपैकीं एकाचेंही नांव घाटाच्या कथेंत येत नाहीं. त्या आगबोटीच्या पस्तीस उतारूंचें कौतुक मात्र वृत्तपत्रांनीं सविस्तर छापलें, ही गोष्ट इतिहास वाचतांना ध्यानांत ठेवावी.

बर्कलेनें आपला घाट पुरा झालेला पाहिला नाहीं. तो १८६२ च्या ऑगस्टमध्यें वारला. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं मार्ग खुला केला, आणि खोपोलीचें बंदरपण संपलें. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसास सोन्याचा भाव आला होता. देशावरचे गठ्ठे त्या उतारावरून मुंबईस धांवूं लागले. देशी माणूस विटाळास भिऊन गाडींत बसणार नाहीं, अशी कांहीं शहाण्यांची अटकळ होती. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांनीं ती खोटी पाडली. ज्यांचे आजे-पणजे मिठाच्या बैलांमागून हा घाट चढले होते, तेच आतां दाटीवाटीनें डब्यांत बसून तो चढूं लागले.

आगबोटीचें पुढें काय झालें? १८६४ सालीं ती लिलांवांत अवघ्या पंचवीस हजार पौंडांस गेली. नव्या मालकांत डॅनियल गूच हा रेल्वेचा इंजिनियर होता. उतारू येत नाहींत तर त्यांची वाट कशास पाहावी, असें म्हणून त्यानें खोल्या तोडून आंत तीन प्रचंड लोखंडी हौद बसविले आणि त्यांत समुद्रांत घालावयाची तार भरली. १८६६ सालीं तिनें अमेरिकेपर्यंत तार पोहोंचविली. अखेर १८६९ च्या नोव्हेंबरांत ती पूर्वेकडे निघाली, ती तारच पोटांत घेऊन. नेमका त्याच महिन्यांत सुवेझचा कालवा उघडला. इतर बोटींची वाट चार हजार मैलांहून अधिक आंखुडली, पण ‘ग्रेट ईस्टर्न’चें धूड त्या कालव्यांत शिरणेंच शक्य नव्हतें. म्हणून ती ब्रूनेलच्या मूळ बेताप्रमाणें केपला वळसा घालून आली आणि १८७० च्या जानेवारीच्या अखेरीस मुंबई बंदरांत उभी राहिली. उन्हानें तार तापूं नये म्हणून तिला पांढरा रंग दिला होता. जिच्यासाठीं ती बांधली होती त्या दिशेस तिची ही पहिली फेरी, आणि उतारूंसाठीं म्हणून एकही खोली तिच्या कामीं आली नाहीं.

फेब्रुवारीच्या मध्यास ती एडनकडे तार सोडीत निघाली. सुमारें अठराशें सागरी मैलांची ती तार महिनाअखेरीस पुरी झाली, आणि जूनपासून मुंबई-लंडन असे संदेश समुद्रांतून जाऊं लागले. पुढल्याच वर्षीं बोरघाटावरून जाणारा लोहमार्ग रायचूरपाशीं मद्रासच्या मार्गास मिळाला. कालव्यांतून येणाऱ्या लहान बोटींचे उतारू मुंबईस उतरत आणि गाडीनें कर्जतवरून घाट चढून दक्षिणेकडे जात. जे प्रवासी ‘ग्रेट ईस्टर्न’नें न्यावयाचे होते, त्यांतले कित्येक असे बोरघाटाच्या वांट्यास आले.

तारांच्या कामासाठीं पुढें तिच्याहून सोईच्या बोटी झाल्या, आणि ही कांहीं वर्षें नुसती नांगरावर पडून राहिली. १८८६ सालीं लिव्हरपूलला एका दुकानदारानें ती भाड्यानें घेतली, तिच्या बाजूंवर आपल्या मालाच्या जाहिराती रंगविल्या, आणि तींत खेळ-तमाशे मांडले. ते पाहावयास मात्र लोक लोटले. १८८९ मध्यें ती मोडावयास घेतली. परंतु तिचे दुहेरी पत्रे आणि खिळे इतके पक्के निघाले, कीं मोडणाऱ्यांस एक वर्षाहून अधिक काळ लागला.