दर्जा आणि दरज

नव्या रस्त्याला पहिल्याच पावसाळ्यात खड्डे पडले की 'निकृष्ट दर्जाचे काम' हे शब्द बातमीत हमखास येतात. वाशीमसारख्या आकांक्षित जिल्ह्यात विकासकामे पुष्कळ, तेव्हा या शब्दालाही तिथे उसंत नसावी.

'दर्जा' मूळ अरबी. 'दरजा' म्हणजे जिन्याची पायरी. पायरीवरून हुद्दा, हुद्द्यावरून प्रत, असा अर्थ सरकत आलेला दिसतो. हिंदीत शाळेचा वर्गही दर्जाच. मराठीने मात्र एक गंमत केली. 'या कामाला दर्जा नाही' म्हणताना आपण वरची-खालची असे काही सांगत नाही. पायरी म्हटली की ती वरचीच! शिवाय फारसी 'दार' जोडून 'दर्जेदार' केले, ते वेगळेच. वाशीमने या पायऱ्या प्रत्यक्ष अनुभवल्या आहेत: 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार, इंग्रजी अमलात जिल्हा, १९०५ मध्ये अकोल्यात विलीन आणि १ जुलै १९९८ पासून पुन्हा जिल्ह्याचा दर्जा.

वऱ्हाडात हिंदीच्या शेजारामुळे 'तक्रार दर्ज केली' असेही कानावर येते. हा 'दर्ज'ही त्याच अरबी धातूचा. गुंडाळी करणे, आत घालणे, म्हणून नोंदवणे. म्हणजे कामाचा दर्जा आणि मोजमाप पुस्तिकेतली त्याची नोंद ही मुळात भावंडे. प्रत्यक्षात त्यांचे फारसे पटत नाही, हा भाग निराळा.

खरा चकवा पुढे आहे. बांधकामाच्या अंदाजपत्रकात 'दर्जा भरणे' अशी एक बाब असते. तिचा गुणवत्तेशी थेट संबंध नाही. दगडविटांमधले सांधे सिमेंटने बुजवायचे, एवढेच. ही 'दरज', अनेकवचनी 'दरजा', आणि बोलताना मधला अ गळून 'दर्जा'. मूळ फारसी 'दर्ज़', म्हणजे शिवण. दर्जी तो याच घरचा. अरबी शब्दात जीम, फारसीत ज़े. देवनागरीत नुक्ता गेला आणि दोघे एकाच वेशात उभे राहिले.

दरज म्हणजे फट, तेव्हा दरी, दरड यांच्यासारखी तीही संस्कृत 'दॄ', फाडणे, यातून आली असावी, असे वाटणे साहजिक आहे. पण फारसी शब्दामागचा जुना इराणी धातू बांधण्याचा, घट्ट करण्याचा दिसतो; त्याचा संस्कृत सोयरा 'दृह्', ज्यातून 'दृढ' आला. शिंप्याने त्यात टाका पाहिला, गवंड्याने भेग! मला शिंप्याची बाजू घ्यावीशी वाटते. भिंत दगडांइतकीच सांध्यांवर उभी असते, आणि गुणनियंत्रणवाल्यांनाही आधी तिथेच टोकरून पाहावे लागते.

हेमाडपंती बांधणीत मात्र चुन्याशिवाय दगडात दगड बसवलेला. त्या देवळांचे अंदाजपत्रक आज करायचे झाले, तर 'दर्जा भरणे' या बाबीसमोर शून्य लिहावे लागेल, आणि ते पाहून लेखापरीक्षक नक्कीच खुलासा मागेल.