बेसवरच्या पंचाची जागा

* बेसवरचा पंच : सॉफ्टबॉलला पंच चार असले तर उत्तम, पण केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावी शालेय सामना भरवायचा, तर बहुधा दोघांवरच भागवावे लागते. एक होम प्लेटमागे. तिन्ही बेसचा मुख्य भार दुसऱ्यावर. धावक नसताना त्याने पहिल्या बेसमागे पाच-सहा मीटरवर, फाउल रेषेबाहेर उभे राहावे. धावक फक्त पहिल्या बेसवर असला, तर पहिल्या-दुसऱ्याच्या दरम्यान. दुसऱ्या किंवा तिसऱ्यावर असला, तर त्या दोहोंच्या दरम्यान. दोन्ही वेळा चौकोनाबाहेरच. बेसबॉलचा पंच अशा वेळी आत येतो, कारण तिथे दोन बेसमधले अंतर २७.४३ मीटर, इथे जेमतेम १८.२९, आत उभा राहिलेला पंच खेळाडूंच्या वाटेतच येईल. चेंडू लांब मैदानात गेला, की मात्र त्याने लगेच आत शिरावे, म्हणजे चेंडू आणि धावक दोन्ही समोर राहतात. फार जवळ जाण्याचा मोह टाळावा. काळ्या मातीत घसरत येणाऱ्या मुलीचा पाय आधी लागला की चेंडू, हे धुळीतून ओळखायचे तर थ्रोच्या रेषेशी काटकोनात उभे राहणे जवळिकीपेक्षा कितीतरी मोलाचे. शिवाय पिचरच्या हातून चेंडू सुटण्याआधी बेस सोडणारा धावक बाद ठरतो. त्यावरही याच पंचाची नजर हवी. — संपा.