रंजक-बहुवारिक बंधन
टोल्युइडीन ब्ल्यू या धनभारित रंजकाच्या निळ्या विद्रावात हेपारिन हे बहुवारिक मिसळले असता विद्राव तत्काळ जांभळा होतो. कारण हेपारिनाच्या साखळीवरील ऋणभारित सल्फेट गट रंजकाचे सपाट रेणू इतके निकट आणतात की, ते गंजिफांप्रमाणे एकावर एक रचले जाऊन त्यांचे प्रकाशशोषण सु. ६३० नॅनोमीटरवरून आखूड तरंगलांबीकडे सरकते. या रचनेची मीमांसा ब्रॅडली व वुल्फ यांनी १९५९ मध्ये केली. पुरेसे मीठ घातल्यास सोडियम आयन ऋणभारांचा कब्जा घेतात व निळा रंग परततो. परंतु अल्कोहॉलानेही तो परततो, आणि यावरून, हे बंधन केवळ विद्युत्भाराचे नसून रंजकरेणूंच्या परस्परासक्तीचेही आहे, ही या विषयातील सर्वाधिक मननीय गोष्ट स्पष्ट होते. प्रोटामाइन हे धनभारित प्रथिन हेपारिनाशी रंजकापेक्षा अधिक दृढ जडून रंजकास मुक्त करते.