नागपूर, दोन दिवस

शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली की आमच्या गडचांदूरची मंडळी नागपूर गाठतात. सकाळी तर्री-पोहे, दुपारभर बर्डीवर खरेदी, रात्री सावजी, येताना संत्रा बर्फी... झालं नागपूर!

सावजी म्हणजे मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा रस्सा, हे खाताना कोणी सांगत नाही. आणि ज्या बर्डीवर आपण चपलांचा भाव करतो, तिथल्या टेकड्यांवर नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. त्याच्या शंभरेक वर्षे आधी हे शहर वसवले ते देवगडच्या गोंडराजाने, बख्त बुलंद शहाने.

या वेळी नातवंडांना हट्टाने अजब बंगल्यात नेले. हे संग्रहालय १८६३ चे. त्याच वर्षी स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी टाकळघाटजवळ पाण्यात बुडून गेला. गोंडांची लिंगोची गाथा त्याने लिहून ठेवली होती. ती १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने छापली, म्हणून आपल्याला वाचायला मिळते. परक्याने केले ते! मी शिकवायचो त्या पुस्तकांत आमच्या चांद्याच्या गोंडराजांना फार तर चार ओळी असायच्या.

आदिवासी दालनात धाकटा नातू म्हणाला, "आजोबा, हे लोक कुठे राहायचे?"

राहायचे? अरे, जिवतीच्या डोंगरात गोंड आणि कोलाम आजही राहतात. आपल्या घरापासून तासाभराच्या आत.

पुढच्या रविवारी त्याला माणिकगडावर न्यायचे ठरले आहे. डबा घरचाच.